डोंगर जाळला, तर मातीचं काय होतं?

या महिन्याच्या टपालात आगीचीच पत्रं जास्त आहेत. डोंगर पेटायचे दिवस आहेत, त्यामुळे ते साहजिक आहे. यंदा मात्र एक पत्र कॅलिफोर्नियाहून आलं आणि त्यातला प्रश्न भोरच्या पत्राला असा येऊन भिडला की दोन्ही एकाच अंकात घेतल्याशिवाय राहवेना. उत्तरं नेहमीपेक्षा लांबली आहेत. हा विषय चार ओळींत सांगितला तर त्यातली सोयीची ओळ उचलून कुणीतरी काडी ओढेल, याची मला खरोखर भीती वाटते.

प्रश्न (व्हेंचुरा, कॅलिफोर्निया): आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे सगळं झुडपी रान, इथे त्याला चॅपरल म्हणतात. डिसेंबर २०१७च्या आगीत आम्हाला घर सोडून निघावं लागलं होतं. आता अग्निशमन विभाग हिवाळ्यात या रानाचा एक पट्टा मुद्दाम जाळणार आहे. आगीनंतर मॉन्टेसिटो गावात चिखलाचा लोंढा आला, त्याचं नुकसान आम्ही जवळून पाहिलं आहे. मुद्दाम जाळल्यावर आमच्या डोंगराची मातीही तशीच सुटेल का? माती कायमची मरते का?

उत्तर: माती मरत नाही, आणि मुद्दाम जाळलेल्या प्रत्येक डोंगरावरून लोंढा येत नाही. पण तुमची भीती निराधारही नाही. आगीनंतर माती पाणी का झिडकारते, हे आपल्याला कळलं ते बरंचसं तुमच्याच भागातल्या डोंगरांमुळे.

लॉस एंजेलिसच्या वरच्या अंगाला, सॅन गॅब्रिएल डोंगरांत, सॅन डिमास नावाचं प्रायोगिक वन आहे. अमेरिकी वनसेवेने ते १९३३ साली सुरू केलं. १९६०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या या डोंगरांत मातीचे अभ्यासक लिओनार्ड डीबानो आणि त्यांचे सहकारी एका कोड्याच्या मागे लागले. आग येऊन गेलेल्या उतारावर पाऊस पडतो, वरची राख आणि माती भिजलेली दिसते, पण बोटाने उकरलं की दोन-तीन सेंटिमीटरखाली माती ठणठणीत कोरडी! पाणी आत शिरतच नाही.

कारण त्या झुडपांच्या पानांत आहे. शमीज, मांझानिटा, सिअनोथस ही चॅपरलमधली मुख्य झुडपं. त्यांचा उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे पानं जाड, चामट, मेणचट. ही पानं झुडपाखाली साठतात आणि कुजताना त्यांतले मेणासारखे पदार्थ मातीच्या कणांना चिकटतात. म्हणजे पाणी झिडकारण्याचा थोडाफार गुण त्या मातीत आगीच्या आधीपासूनच असतो. आग लागली की या पदार्थांची वाफ होते. बरीचशी धुरात जाते, पण काही वाफ खालच्या गार मातीत उतरते आणि तिथल्या कणांवर पुन्हा गोठून बसते. माती साधारण १७५ ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की हा थर पक्का होतो. २८० ते ३०० अंशांच्या वर गेली की तेच पदार्थ जळून जातात. म्हणून सर्वांत तापलेला वरचा थर पाणी पितो आणि त्याच्या खालचा पीत नाही. प्लास्टिकच्या कागदावर दोन बोटं माती पसरून वर पाणी ओतावं, तसं मग पावसात होतं: वरची माती चिंब होते आणि घसरते. भरड, वालुकामय मातीत हे अधिक, कारण भरड कणांचं एकूण पृष्ठफळ कमी असतं आणि थोडंसं मेणही त्यांना झाकायला पुरतं. ग्रॅनाइटपासून झालेली सॅन गॅब्रिएलची माती नेमकी तशीच आहे.

मॉन्टेसिटोचं म्हणाल, तर ९ जानेवारी २०१८च्या पहाटे तिथे पाच मिनिटांत १३ मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. ४ डिसेंबरला लागलेली थॉमस आग, म्हणजे तुम्हाला घर सोडायला लावणारी तीच, तेव्हा पुरती आटोक्यातही आली नव्हती. २३ माणसं गेली. त्याला एकटी पाणी झिडकारणारी माती कारण नव्हती. उतार उभे होते, झाडोरा संपला होता, आणि घळींत सुट्या माती-दगडांचा साठा होता. या सुट्या मातीबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. उभ्या उतारावर झुडपांच्या बुडख्यांमागे वर्षानुवर्षं माती आणि गोटे अडकून राहिलेले असतात. बुडखे जळाले की ते कोरड्यातच, एक थेंबही न पडता, घरंगळत खाली येतात आणि ओढ्याच्या पात्रात साठतात. पहिल्या मोठ्या पावसाला सगळं आयतं मिळतं.

आता तुमचा पट्टा. उन्हाळ्याअखेरचा वणवा आणि पाऊस पडून गेल्यावर लावलेली आग, यांत मातीच्या दृष्टीने मुख्य फरक ओलीचा. आगीची उष्णता बहुतेक वर जाते, मातीत जेमतेम दहावा हिस्सा उतरतो. माती ओली असेल तर तो हिस्सा आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, आणि पाणी आहे तोवर मातीचं तापमान शंभर अंशांच्या फारसं पुढे जात नाही. चॅपरलमधल्या मोजमापांत तीव्र आगीखाली मातीचा पृष्ठभाग ७०० अंशांच्या जवळ गेलेला आहे, आणि हलक्या आगीखाली तो २५०च्या आसपास राहिलेला आहे. २५० अंश वरच्या नखभर थराला जाचकच, पण ती उष्णता खोल जात नाही. त्यामुळे पाणी झिडकारणारा थर झाला तरी उथळ होतो.

तरीही एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. चॅपरल हलक्या हाताने जाळता येत नाही. पाइनच्या रानात जमिनीवरचा पाचोळा जळून जातो आणि झाडं उभी राहतात. चॅपरल एक तर पेटच घेत नाही, नाही तर शेंड्यापर्यंत जळतं. म्हणून अशा ठरवून लावलेल्या आगीला ‘नियोजित’ म्हणतात, त्या शब्दावरून जमीन झाकलेली राहील असं धरून चालू नका. जमीन उघडी पडणारच. नियोजन असतं ते केव्हा, किती आणि कुठवर याचं, आणि तुम्ही विचारायचं तेही हेच. पट्टा वरपासून खालपर्यंत सलग आहे की मध्ये न जळालेले तुकडे राखणार? पायथ्याकडचा न जळालेला तुकडा वरून येणारी माती अडवतो. ओढ्याकाठची झाडी वगळली आहे का? पेटवण्याच्या दिवशी मातीत ओल असावी, अशी अट आराखड्यात आहे का? आणि हाच पट्टा याआधी कधी जळला होता?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चॅपरल आपल्या गतीने जळतं ते तीस ते शंभर, कधी त्याहूनही जास्त वर्षांतून एकदा. दहा-बारा वर्षांत त्याच जागी पुन्हा आग आली, तर केवळ बियांवर येणारी झुडपं जमिनीत पुरेसं बी साठवण्याआधीच जळतात. मग बाहेरून आलेली वार्षिक गवतं घुसतात. ती दर उन्हाळ्यात वाळून पेटायला तयार असतात आणि पुढची आग आणखी लवकर येते. मातीसाठी याचा अर्थ असा की झुडपांची खोल मुळं जातात आणि वीतभर खोलीची गवताची मुळं उरतात. सॅन डिमासमध्ये १९६०च्या मोठ्या आगीनंतर काही पाणलोट मुद्दाम गवताखाली आणले होते. झुडपं पाणी फार पितात, गवत असलं तर ओढ्याला पाणी जास्त येईल, हा हेतू. पुढच्या मुसळधार हिवाळ्यांत गवताच्या उतारांवर माती घसरण्याचे प्रकार झुडपांच्या उतारांपेक्षा जास्त झाले. जुनी मुळं कुजून गेली होती आणि नव्या मुळांचा तेवढा आवाका नव्हता.

नत्राचाही (नायट्रोजनचाही) हिशेब मांडते. चॅपरलमधल्या एका नियोजित आगीत हेक्टरी शंभर किलोहून जास्त नत्र हवेत गेल्याचं मोजलं आहे. आपल्या भाषेत, युरियाच्या पाच गोणी. ते परत आणायचं काम सिअनोथस करतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू असतात, आणि आगीनंतर हे झुडूप बियांपासून भराभर उगवतं. त्याला वेळ मिळाला पाहिजे, एवढंच.

माझं मत विचाराल तर तुमच्याकडची नियोजित आग मातीच्या भल्यासाठी लावलेली नसते. ती तुमच्या घरासाठी असते, आणि तिची किंमत माती देते. लहान तुकड्यात, योग्य वेळी आणि दीर्घ काळाने एकदा, एवढी किंमत माती भरून काढते. उद्या दहा वर्षांनी त्याच पट्ट्याची पुन्हा सूचना आली, तर मात्र सभेला जा आणि विरोध करा.

तुमच्या हातातलं काम: जळालेल्या उतारावर घाईने राईगवताचं बी फेकू नका. कॅलिफोर्नियात ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. धूप थांबवण्यात तिचा भरवसा नाही, आणि स्थानिक रोपांची जागा मात्र ते गवत खातं. घराजवळच्या उघड्या उतारावर स्वच्छ पेंढा पसरा, पावसाआधी गटारं आणि मोऱ्या मोकळ्या करा, आणि पहिले दोन-तीन हिवाळे जोरदार सरीच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करू नका.

प्रश्न (भोर, जि. पुणे): आमच्या गावचा डोंगर दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो. जुनी माणसं म्हणतात, जाळलं की गवत चांगलं येतं. वन खात्याची माणसं म्हणतात, जाळू नका. पण परदेशात तर सरकारच झुडपी रानं जाळतं असं वाचलं. मग आपलंच काय चुकतं?

उत्तर: दादा, तुमच्या गावच्या जुन्या माणसांनी पाहिलेलं खोटं नाही. जळालेल्या डोंगरावर पहिल्या पावसानंतर कोवळं, हिरवंगार गवत येतं आणि गुरं तिकडेच धाव घेतात. जुनी वाळलेली ताटं गेल्यामुळे कोंबांना ऊन मिळतं, राखेतून पालाश (पोटॅशियम) आणि चुना मिळतो, आणि कोवळ्या पानात प्रथिनं जास्त असतात. फरक असा की हा चारा चविष्ट असतो, जास्त असतोच असं नाही. आणि काही वर्षांनी कुठलं गवत उरतं, ते पाहा. वारंवार जळणाऱ्या डोंगरावर कुसळी वाढते. तिच्या बियाला लांब पिळदार शेपूट असतं. ओल लागली की ते फिरतं आणि बी स्क्रूसारखं जमिनीत घुसवतं. तिथे आगीची धग पोचत नाही. मारवेल आणि पवन्यासारखी चांगल्या चाऱ्याची गवतं मागे पडतात. तुमच्या डोंगरावर गुरांच्या तोंडाला आणि तुमच्या धोतराला कुसळं टोचायला लागली असतील, तर आगीने काय निवडलं आहे ते तिथेच दिसतं.

मातीबद्दल मी खरं तेच सांगते, कारण ‘वणव्याने माती भाजून निघते’ असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. गवताची आग वेगाने पुढे सरकते. एका जागी ती मिनिटभरही रेंगाळत नाही, आणि खाली दोन सेंटिमीटरवर हात ठेवला तर माती जेमतेम कोमट लागते. माती खरोखर भाजते ती करवंदीच्या दाट जाळीखाली, पडलेल्या ओंडक्याखाली, किंवा साठलेल्या पाचोळ्याच्या ढिगाखाली. तिथे निखारा तासन्‌तास धुमसतो, आणि नंतर तेवढा वर्तुळाकार तुकडा वर्षभर उघडा राहतो. उरलेल्या डोंगराचं नुकसान आगीच्या धगीने कमी आणि तिच्या वेळेने जास्त होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरचं पांघरूण जळतं, त्यानंतर जूनपर्यंत ते परत यायला पाऊसच नाही, आणि मग सह्याद्रीच्या उतारावर मृगाच्या सरी थेट उघड्या मातीवर आदळतात. आपल्या डोंगरावर माती तरी किती? मुरमावर वीत-दीड वीत. थेंबाच्या माराने तिचे कण फुटतात, बारीक माती छिद्रांत बसते, वर पापडी धरते आणि पाणी वाहून जातं. जाताना वरचा, सगळ्यांत कसदार थर घेऊन जातं. दर वर्षी पाचोळा जळत राहिला की सेंद्रिय कर्बात, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणाऱ्या कार्बनमध्ये, भर पडायची वाटच बंद होते. करवंद, धायटी, हेंकळ यांची रोपं फुटतात आणि पुन्हा जळतात. ती मरतात असं नाही, पण वर येत नाहीत.

परदेशातल्या आगीशी तुलना करायची असेल तर तुमच्या परिस्थितीला जवळचा दाखला कॅलिफोर्नियाचा नाही, स्पेनचा आहे. फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांत, आरागॉन प्रांतात, पूर्वी मेंढरं भरपूर चरायची. माणसं गावं सोडून गेली, मेंढरं कमी झाली, आणि कुरणांवर एक उशीसारखं गोल, काटेरी झुडूप पसरलं. स्थानिक लोक त्याला एरिझोन म्हणतात. कुरण परत मिळावं म्हणून तिथे प्रशिक्षित अग्निशमन पथकं ते गार दिवसांत, माती ओली असताना, ठरावीक तुकड्यांत जाळतात, आणि संशोधक आधी-नंतर मातीचे नमुने घेतात. तेला आणि बुइसान या गावांजवळच्या कुरणांवर असं काम झालं आहे. परिणाम दिसला तो वरच्या एक ते तीन सेंटिमीटरांत. ‘एवढंच ना?’ असं म्हणू नका. सेंद्रिय कर्ब आणि जिवाणू सर्वांत दाट असतात ते त्याच थरात, आणि बुइसानमध्ये त्या थरातला सेंद्रिय कर्ब लक्षणीय घटला. इतकी काळजी घेऊन, ओल्या मातीवर लावलेल्या आगीची ही गोष्ट. आणि जाळल्यावर तिथे गुरं-मेंढरं चारून झुडूप मागे ठेवलं जातं, दर वर्षी काडी लावत नाहीत.

तर चुकतं ते इथे. आपल्याकडे आग लावणारा कोण, हे कुणाला माहीत नसतं. केव्हा थांबवायची, हे ठरलेलं नसतं. माती वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या अवस्थेत असते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं. याला नियोजित आग म्हणताच येणार नाही. शिवाय राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेही गावात सगळ्यांना ठाऊक असू द्या.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिगा आदिवासी राहतात. वर्षाच्या सुरुवातीला, पाचोळा नुकता वाळू लागला असताना, ते हलकी आग घालत. त्यांच्या भाषेत ‘तरगु बेंकी’, पाचोळ्याची आग. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं आणि पुढे ही आग बंद पडली. त्यानंतर रानात घाणेरीची झुडपं माजली आणि आता लागणारी आग पूर्वीपेक्षा भयंकर असते, असं सोलिगा सांगतात. मला त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या माणसांनी वेळ आणि जागा पाहून लावलेली ती आग होती.

तुमच्या गावाने यंदा काय करावं? गवत बी धरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापून गंजी लावा. जळायला ताटंच उरली नाहीत तर आग चालत नाही, आणि उन्हाळ्याचा चाराही होतो. गावाच्या वरच्या बाजूला जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढायची तर वन खात्याबरोबर, त्यांच्या माणसांच्या उपस्थितीत काढा. डोंगर जळालाच, तर पहिला पावसाळा त्या भागात गुरं घालू नका. जळक्या फांद्या-काट्या उताराला आडव्या, समतल रेषेत टाकून ठेवा. त्यांच्यामागे माती अडते, आणि पहिली रोपं तिथेच उगवतात.

प्रश्न (रोहा, जि. रायगड): राख हे खतच आहे. आम्ही भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतोच. मग डोंगरावरची राख वाईट कशी?

उत्तर: राख वाईट नाही. ती राहते कुठे, हा प्रश्न आहे. माझं लहानपणही रायगडातच गेलं आणि राब भाजलेला पाहिला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा. तुमचा राब बांध घातलेल्या सपाट खाचरात असतो. शेण, टहाळ, पाचोळा, गवत असे थर आणि वर मातीचा हलका थर. आग मंद जळते, तणाचं बी मरतं आणि राख जिथल्या तिथे राहते. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीचा सामू (pH) राखेमुळे थोडा वर येतो, तेही रोपांना मानवतं. डोंगरावर बांध नाही. राख पहिल्या वाऱ्याने उडते, उरलेली पहिल्या सरीने ओढ्यात जाते.

राखेत सगळंच उरतं असंही नाही. नत्र सुमारे २०० अंशांपासूनच हवेत जाऊ लागतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश यांना त्यासाठी ७५० अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून ते राखेत राहतात. आगीनंतर मातीत अमोनियमच्या रूपातलं नत्र काही आठवडे वाढलेलं दिसतं आणि पिकाला ते मिळतंही, त्यामुळे जमीन कसदार झाल्यासारखी वाटते. पण ते भांडवलातून काढलेलं असतं. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतोडून बोडकी झालेली झाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. जमेल तेवढ्या खाचरांत राबाऐवजी कुजलेलं शेणखत वापरून पाहा, असंच मी सांगेन.

प्रश्न (कोल्हापूर, पदवीची विद्यार्थिनी): आगीत जमिनीतलं बी जळून जात नाही का? आणि ओल्या मातीत आग लावली तर ते वाचतं का?

उत्तर: छान प्रश्न विचारलास. वरच्या उत्तरांत मी ओल्या मातीची बाजू घेतली, तिला इथे अपवाद आहे. कोरड्या मातीतलं कोरडं, टणक कवचाचं बी बरंच तापमान सोसतं. सिअनोथसच्या बियाला तर उगवण्यासाठी धग लागतेच, तिने कवचाला तडा जातो आणि पाणी आत शिरतं. पण तेच बी पाणी पिऊन फुगलेलं असेल तर बऱ्याच कमी तापमानाला मरतं. शिवाय ओल्या मातीतून उष्णता चांगली वाहते. म्हणजे हिवाळ्यातली आग मातीच्या कणांना सौम्य असली तरी काही जातींच्या बियांना उन्हाळ्यातल्या आगीपेक्षा जाचक ठरू शकते. जिवंत घटकांचंही तसंच आहे: मुळं ५० अंशांच्या आसपास दगावतात, आणि बुरशी जिवाणूंच्या आधी.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात फाइनबॉस नावाचं झुडपी रान आहे. तिथे साधारण १२ ते १५ वर्षांनी, उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदाच्या तोंडाला जाळणं चांगलं मानतात. वसंतात जाळलं तर प्रोटिया या तिथल्या झुडपाचं बी पावसाची वाट पाहत सगळा उन्हाळा उघड्यावर पडून राहतं आणि उंदीर ते खातात. त्याच रानातल्या काही बियांना धग नव्हे, धूर जागं करतो. हे १९९०मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं आणि २००४मध्ये धुरातलं ते नेमकं रसायन ओळखलं गेलं. पावसाने ते मातीत मुरतं आणि बियांपर्यंत पोचतं. तुझ्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर आपल्या कातळपठारांवरच्या गवतांच्या बियांवर धूर मुरवलेल्या पाण्याचा प्रयोग करून पाहा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होण्यासारखा आहे.

प्रश्न (संगमनेर, एक शिक्षक): आमच्या शाळेजवळची टेकडी गेल्या महिन्यात जळली. मुलांना घेऊन मातीची काही साधी तपासणी करता येईल का?

उत्तर: नक्की करा, गुरुजी. औषधाचा ड्रॉपर, पाण्याची बाटली, पट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढं पुरे. तीन जागा निवडा: जळालेल्या भागात एक उघड्या गवताची, एक जिथे झुडूप होतं तिथली, आणि तुलनेला शेजारच्या न जळालेल्या भागातली. राख हळूच बाजूला करा. कोरड्या मातीवर थेंब टाका आणि तो मुरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच सेकंदांच्या आत मुरला तर माती पाणी पिते आहे. पाचच्या पुढे गेला तर झिडकारते आहे. आता एक सेंटिमीटर खरवडा, पुन्हा थेंब. मग आणखी एक सेंटिमीटर. प्रत्येक थराला निदान दहा थेंब टाकायला सांगा, कारण वीतभर अंतरावर उत्तर बदलतं, आणि मुलांनी तेच स्वतः पाहावं असं मला वाटतं.

राखेचा रंगही लिहून ठेवा. काळी राख म्हणजे कोळसा उरला आहे, आग हलकी होती. पांढरी राख आणि खाली विटकरी झालेली माती म्हणजे तिथे निखारा बराच वेळ होता, बहुधा एखाद्या ओंडक्याखाली. चौरस मीटरचा चौकोन आखून त्यातली किती जमीन उघडी आहे आणि किती दगड, पाचोळा, बुडख्यांनी झाकलेली आहे, याचा अंदाज मुलांना घेऊ द्या. धुपेच्या दृष्टीने हा आकडा थेंबाइतकाच कामाचा आहे.

मातीत ओल असेल त्या दिवशी थेंबाची चाचणी करू नका, उत्तर फसवं येतं. एकदा आता, पावसाळ्याआधी करा, आणि एकदा दिवाळीनंतर माती सुकल्यावर, त्याच जागांवर. जागा ओळखता याव्यात म्हणून लोखंडी खुंट्या ठोका, लाकडी चोरीला जातात. दोन्ही वेळचे तक्ते मला पाठवा.